तेल, ऊन आणि पंचनामा

आपल्या प्रशासनाची फार मोठी भिस्त पंचनाम्यावर आहे. गारपीट झाली की तलाठी बांधावर जातो, पूर ओसरला की पडक्या भिंती मोजल्या जातात, दगावलेल्या जनावरांची नोंद होते, पंचांच्या सह्या होतात आणि मग मदतीची फाईल पुढे सरकते. या पद्धतीचे गुण मी माझ्या सेवाकाळात अनेकदा अनुभवले आहेत. डोळ्यांना दिसेल, हाताने मोजता येईल आणि चार माणसांच्या साक्षीने सिद्ध करता येईल, तेवढेच नुकसान मानायचे, हा तिचा पाया आहे. परंतु जे नुकसान डोळ्यांना दिसतच नाही, ज्याचे प्रेत किनाऱ्याला लागत नाही, त्याचे काय करायचे? समुद्रातील तेलगळतीचा इतिहास वाचताना हा प्रश्न माझ्यापुढे वारंवार उभा राहिला. त्या इतिहासातील एक उपेक्षित प्रकरण म्हणजे ऊन. सांडलेल्या तेलाचे विष उन्हात अधिक जहाल होते, ही गोष्ट विज्ञानाला बऱ्याच काळापासून ठाऊक आहे. प्रशासनाच्या कागदांत मात्र उन्हासाठी रकाना नाही.

१७ मे १९९३ रोजी मुंबई हाय क्षेत्रातून उरणकडे कच्चे तेल आणणारी मुख्य समुद्रतळवाहिनी फुटली. १९७४ साली या क्षेत्रात तेल सापडले, १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले आणि त्यानंतरच्या दोन दशकांत मुंबईच्या पश्चिमेचा समुद्र हा देशाच्या ऊर्जेचा मोठा आधार बनला होता. या फुटीतून समुद्रात गेलेल्या तेलाचे अंदाज तीन हजारांपासून सहा हजार टनांपर्यंत आहेत. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्या वेळी मुरुडच्या किनारी पाण्यातील जैविक स्थितीची पाहणी केली आणि १९९५ मध्ये ती प्रसिद्ध केली. दिसणाऱ्या तवंगापलीकडे जाऊन पाण्यातील सूक्ष्म जिवांची दखल घेणारा हा आपल्याकडील एक महत्त्वाचा दस्तऐवज आहे.

या घटनेची तारीख वाचकांनी क्षणभर लक्षात घ्यावी. मुंबई सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या मध्यास मध्यान्हीचा सूर्य या शहराच्या थेट डोक्यावर येतो. ज्याला आपण शून्य सावलीचा दिवस म्हणतो तो साधारण १५-१६ मे रोजी असतो. म्हणजे वाहिनी फुटली ती वर्षातील सर्वांत सरळ, सर्वांत प्रखर उन्हाच्या दिवसांत, मोसमी ढग येण्यापूर्वीच्या निरभ्र पंधरवड्याच्या आसपास. तेल किती सांडले हे आपण टनांत मोजले. ते कोणत्या आकाशाखाली सांडले हेही तितकेच महत्त्वाचे का आहे, हे समजण्यासाठी थोडे मागे, म्युनिकपर्यंत जावे लागते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस म्युनिक येथे हेर्मान फॉन टापाइनर या प्राध्यापकांच्या प्रयोगशाळेत ऑस्कर राब नावाचा विद्यार्थी काम करीत होता. पॅरामेशियम या एकपेशीय जिवावर अ‍ॅक्रिडीन या रंगद्रव्याचा काय परिणाम होतो, हा त्याचा विषय. द्रावण तेच, प्रमाण तेच, तरी जीव मरण्यास लागणारा वेळ मात्र एका दिवशी एक आणि दुसऱ्या दिवशी भलताच वेगळा. सामान्य विद्यार्थ्याने हा दोष आपल्या मोजमापाचा मानून विषय सोडला असता. राबने कारण शोधले, आणि ते खिडकीत सापडले. ज्या वेळी उजेड अधिक, त्या वेळी मृत्यू लवकर. अंधारात ठेवलेले जीव त्याच द्रावणात कितीतरी अधिक काळ तग धरीत. केवळ प्रकाश त्यांना मारीत नव्हता, त्या प्रमाणात केवळ रंगद्रव्यही लगेच मारीत नव्हते. दोघे एकत्र आले की घात होई. १९०० साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढे याच सूत्रातून कर्करोगावरील प्रकाशोपचार जन्मास आला. १९६० च्या दशकात अमेरिकेतील संशोधकांनी हाच पॅरामेशियम शहरांच्या हवेतील बेंझोपायरीनसारखी द्रव्ये ओळखण्यासाठी वापरला. औषधशास्त्राने ही गोष्ट उचलली, हवेच्या प्रदूषणाचा अभ्यास करणाऱ्यांनी उचलली. समुद्राकडे ती पोहोचायला मात्र बराच वेळ लागला.

कच्च्या तेलात व जहाजांच्या जड इंधनतेलात अनेक वलये जोडून बनलेले सुगंधी हायड्रोकार्बन असतात. अँथ्रासीन, पायरीन, फ्लुओरँथीन ही त्यांतील काही नावे. तीन किंवा अधिक वलयांचे यांतील काही रेणू सूर्यप्रकाशातील अतिनील किरण शोषून घेतात. किरण शोषलेला रेणू उत्तेजित होतो व आपली जादा ऊर्जा शेजारच्या प्राणवायूला देऊन टाकतो. हा प्राणवायू मग साधा राहत नाही. तो पेशीच्या आवरणातील स्निग्ध द्रव्यांवर तुटून पडतो आणि आवरण फाटते. ऊर्जा देऊन मोकळा झालेला मूळ रेणू पुन्हा किरण शोषण्यास सज्ज होतो. म्हणजे हे विष एकदा वापरून संपत नाही. दिवस असेपर्यंत तोच रेणू पुन्हा पुन्हा घाव घालू शकतो. याशिवाय दुसरीही एक वाट आहे. पाण्यावरील तेल उन्हात हळूहळू बदलते, त्यातून क्विनोनसारखी नवी द्रव्ये तयार होतात आणि त्यांतील काही मूळ तेलापेक्षा पाण्यात अधिक विरघळतात. पहिल्या वाटेत घाव जिवाच्या शरीरात होतो, दुसऱ्या वाटेत पाण्यातच विषाचे रूप पालटते.

१९८३ साली अमेरिकेतील काही शास्त्रज्ञांनी उघड्यावरील कृत्रिम ओढ्यात अँथ्रासीन सोडून मासे ठेवले. द्रव्याचे प्रमाण मायक्रोग्रॅममध्ये मोजावे इतके अल्प होते. ऊन लागणाऱ्या भागातील मासे मेले, सावलीतील जगले. मग सावलीतील मासे उन्हात आणले, तेव्हा तेही मेले. पाणी तेच आणि विष तेच. फरक फक्त सावलीचा. प्रशासकाने या प्रयोगातून घ्यावयाचा धडा स्पष्ट आहे. एखादे द्रव्य अमुक प्रमाणापर्यंत निर्धोक आहे, असे प्रमाणपत्र जर बंद खोलीतील दिव्याखाली केलेल्या चाचणीवर दिले असेल, तर ते त्या खोलीपुरतेच खरे आहे. नळीच्या दिव्यात अतिनील किरण नगण्य असतात. आपला समुद्र त्या दिव्याखाली नाही.

आता प्लवकांकडे वळू. समुद्राच्या पाण्याबरोबर वाहणारे सूक्ष्म वनस्पती व प्राणी म्हणजे प्लवक. वनस्पतीप्लवकांना ऊन हवेच असते, म्हणून ते वरच्या थरात राहतात. प्राणीप्लवकांतील कोपेपॉडसारखे बरेचसे जीव दिवसा खोल उतरतात आणि रात्री चरण्यासाठी वर येतात. परंतु रात्री वरच्या थरात अंगात भिनलेले तेल ते सकाळी उजेडात वागवीत असतात. आणि माशांची तरंगती अंडी, कोळंबी-खेकड्यांची नुकती फुटलेली पिल्ले यांना तर कोठे जावे याची निवडही नसते. यांतील बहुतेक जीव काचेसारखे पारदर्शक आहेत. भक्षकाच्या नजरेतून सुटण्यासाठी निसर्गाने दिलेले हे कवच तेलाच्या बाबतीत उलटते, कारण किरण थेट आतपर्यंत जातात. अंगात मेद भरपूर, आणि तेलातील ही द्रव्ये मेदातच साठतात. विष, उजेड आणि पारदर्शक देह हे तिन्ही समुद्राच्या वरच्या थरात नेमके एकत्र येतात.

याचा माणसांशी काय संबंध, असे विचारणाऱ्याने एखाद्या कोळणीच्या टोपलीत डोकावावे. प्लवकांवर जवळा जगतो, जवळ्यावर बोंबील जगतो आणि बोंबलावर वर्सोव्यापासून मुरुडपर्यंतची कित्येक घरे जगतात. साखळीची पहिली कडी निखळली तर त्या दिवशी टोपली रिकामी होत नाही. ती काही महिन्यांनी, पुढच्या हंगामात हलकी होते. तोपर्यंत पंचनामा संपलेला असतो.

समुद्रावरील संकटात उपायच अपाय ठरू शकतो, हा धडा जगाने १९६७ साली घेतला. १८ मार्च १९६७ रोजी ‘टॉरी कॅन्यन’ हे तेलवाहू जहाज इंग्लंडच्या नैर्ऋत्येस खडकावर चढले. त्यात सुमारे १ लाख १९ हजार टन कच्चे तेल होते. ब्रिटिश शासनाने तवंगावर हजारो टन डिटर्जंट ओतले. प्लिमथच्या सागरी प्रयोगशाळेने १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात दाखवून दिले, की किनाऱ्यावरील जिवांचा मोठा संहार तेलापेक्षा त्या डिटर्जंटनेच केला. त्यानंतर सौम्य विसरणद्रव्ये आली. तरी मूळ पेच कायम आहे. विसरणद्रव्य तेलाचे बारीक थेंब करून ते पाण्यात मिसळते. पृष्ठभाग स्वच्छ दिसतो, पक्षी वाचतात, छायाचित्रे बरी येतात. परंतु तेच तेल प्लवकांच्या थरात उतरते, आणि तेथे ऊन असते. २०१० च्या मेक्सिकोच्या आखातातील महागळतीनंतर तेथील कोपेपॉडांवर झालेल्या प्रयोगांत नुसत्या तेलापेक्षा अतिनील किरणांसह तेल अधिक घातक ठरलेच, विसरणद्रव्य मिसळलेल्या तेलाबाबतही किरणांनी विषाची धार वाढवलेली दिसली.

प्रयोगशाळेबाहेरचा, प्रत्यक्ष अपघातातील पुरावा सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातून आला. ७ नोव्हेंबर २००७ रोजी ‘कॉस्को बुसान’ हे मालवाहू जहाज तेथील पुलाच्या आधारास घासले व दोन लाख लिटरच्या आसपास इंधनतेल सांडले. मोठ्या गळत्यांच्या यादीत ही गळती फार लहान. परंतु त्यानंतरच्या हिवाळ्यात हेरिंग माशांनी उथळ पाण्यात घातलेल्या अंड्यांतील गर्भ अनपेक्षित प्रमाणात मेले. जरा खोल पाण्यात पिंजऱ्यांतून ठेवलेल्या गर्भांत हृदयाचे दोष आढळले, पण असा संहार नव्हता. उथळ पाण्यातील उन्हाने तेलाच्या अवशेषांचे विष वाढवले, हा अर्थ संशोधकांनी २०१२ मध्ये मांडला. येथे दोन गोष्टी नोंदण्यासारख्या आहेत. एक, घटना टनांच्या मापाने किरकोळ होती. दोन, मृत्यू गळतीनंतर कित्येक आठवड्यांनी झाले.

मुंबईलाही असेच इंधनतेल ओळखीचे आहे. ७ ऑगस्ट २०१० रोजी बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ या जहाजांची टक्कर झाली. ‘चित्रा’ प्रॉन्ग्ज दीपगृहाजवळ कलंडले, बाराशेहून अधिक कंटेनरांपैकी कित्येक समुद्रात पडले, काहींत कीटकनाशके होती, आणि सुमारे ८०० टन तेल पाण्यात गेले. बंदराची वाहतूक काही दिवस बंद राहिली. तेल रायगडच्या किनाऱ्यापर्यंत आणि खारफुटीत पोहोचले. नारळी पौर्णिमा अवघ्या सतरा दिवसांवर होती. कोळी समाज ज्या दिवशी दर्याला नारळ देऊन नवा हंगाम धरतो, त्याच्या तोंडावर बाजारात मासळीला कोणी हात लावीना. त्या वेळी आकाश पावसाळी होते, पाणी नद्यांच्या गाळाने गढूळ होते. ढग व गाळ अतिनील किरणांना बऱ्याच अंशी अडवतात. म्हणून उन्हाच्या दृष्टीने १९९३ चा मे आणि २०१० चा ऑगस्ट या दोन गळत्या एका मापाने मोजता येत नाहीत. ८०० टन आणि काही हजार टन एवढाच त्यांतील फरक नाही. ‘चित्रा’ मार्चमध्ये, किंवा मालवणच्या नितळ पाण्यात फुटले असते, तर त्याच ८०० टनांचा अर्थ वेगळा झाला असता.

मी हे लिहितो आहे ते झाशीहून. मानिक चौकातील एका स्नेह्यांनी मला विचारले, की बुंदेलखंडाच्या या कोरड्या मुलखात बसून समुद्राच्या उचापती कशाला? प्रश्न रास्त होता आणि उत्तर फार दूर नव्हते. झाशीच्या दक्षिणेस दीडशे किलोमीटरच्या आसपास बीना आहे. तेथील तेलशुद्धीकरण कारखान्याला लागणारे कच्चे तेल गुजरातेतील वाडीनार येथे जहाजांतून समुद्रातच उतरवले जाते आणि नऊशेहून अधिक किलोमीटर लांबीच्या वाहिनीने येथवर येते. वाडीनार कच्छच्या आखातात आहे आणि देशातील पहिले सागरी राष्ट्रीय उद्यानही त्याच आखातात, १९८२ पासून आहे. प्रवाळ, उथळ पाणी, लख्ख ऊन आणि तेल उतरवण्याचे बंदर यांचा तेथे शेजार आहे. ज्या चौकातून दिवसभर रिक्षा व दुचाकी धावतात, त्याला समुद्र परका कसा म्हणावा? किनारा नसलेला जिल्हा या व्यवहारातून वगळता येत नाही. फक्त त्याचा हिशेब दुसऱ्या जिल्ह्याच्या पाण्यात होतो.

आता आपल्या व्यवस्थेचा इतिहास. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तटरक्षक दल उभे राहिले. समुद्रातील तेलप्रदूषणाशी मुकाबला करण्याची जबाबदारी १९८६ साली त्याच्याकडे आली. राष्ट्रीय तेलगळती आपत्ती योजना नोव्हेंबर १९९३ मध्ये, म्हणजे उरणवाहिनी फुटल्यावर सहा महिन्यांनी मंजूर झाली व १९९६ पासून अमलात आली. ही योजना आवश्यक होती आणि तिने कोण कोणाला कळवणार, कोण साधने पुरवणार, राज्याने व बंदराने काय करायचे याची घडी बसवली. तिच्यातील टप्पे टनांवर आधारलेले आहेत: ७०० टनांपर्यंत पहिला, १०,००० टनांपर्यंत दुसरा, त्यापुढे तिसरा. साधनांची जमवाजमव करण्यासाठी हे माप अगदी योग्य. मात्र साधनांचे माप हेच हळूहळू नुकसानीचे माप होऊन बसते, आणि घोळ येथे होतो. ८०० टन वाचले की दुसरा टप्पा हे समजते; महिना कोणता, पाणी किती नितळ, खोली किती, अंडी घालण्याचा हंगाम आहे काय, हे त्या आकड्यातून समजत नाही.

भरपाईच्या बाजूनेही तेच. ४ ऑगस्ट २०११ रोजी ‘एमव्ही राक’ हे साठ हजार टन कोळसा व सुमारे ३४० टन इंधन घेऊन निघालेले जहाज मुंबईजवळ बुडाले. राष्ट्रीय हरित लवादाने २३ ऑगस्ट २०१६ रोजी जहाजाशी संबंधितांना १०० कोटी रुपये पर्यावरणीय भरपाईचा आदेश दिला. पर्यावरणाचे नुकसान हे स्वतंत्र नुकसान आहे, हे तत्त्व त्यातून ठसले आणि ते मोलाचे आहे. पण अपघात आणि आदेश यांत पाच वर्षे गेली. पाच वर्षांनंतर पाण्यातील पुरावा शोधायचा कोठे? प्लवकांच्या पिढ्या दिवसांत आणि आठवड्यांत बदलतात. जो पुरावा पहिल्या दोन-चार दिवसांत बाटलीत भरला नाही, तो कायमचा गेला.

येथे दुसरी बाजूही मांडली पाहिजे. ऊन हे तेलाचे मित्र नाही. तेच ऊन तेलाचे विघटन करते, हलके अंश उडून जाण्यास मदत करते, आणि जिवाणूंच्या साह्याने समुद्र कालांतराने बराच स्वच्छ होतो. प्लवकही झपाट्याने सावरतात. भरतीचे नवे पाणी नवे जीव घेऊन येते. किनारी गढूळ पाण्यात अतिनील किरण फार खोल जात नाहीत. म्हणून प्रत्येक तवंगामागे महासंहार उभा करणे हे शास्त्रही नव्हे आणि प्रशासनही नव्हे. परंतु ज्या मासळीची अंडी वर्षातून एकाच हंगामात, एकाच उथळ पट्ट्यात येतात, तिच्या बाबतीत चार दिवसांचा घाव वर्षभराचा असतो. उशिरा पडलेला पाऊस सरासरी भरून काढतो, पण करपलेली पेरणी परत आणीत नाही, हे कोणत्याही महसूल अधिकाऱ्याला सांगावे लागत नाही. समुद्राची पेरणीही अशीच असते.

मग करावे काय? मला सुचणाऱ्या गोष्टी खर्चिक नाहीत. गळतीच्या पहिल्या अहवालातच टनांशेजारी चार रकाने असावेत: आकाशाची स्थिती, पाण्याची पारदर्शकता, खोली आणि त्या महिन्यातील प्रजननाचा हंगाम. पारदर्शकता मोजण्यास दोरीला बांधलेली पांढरी तबकडी पुरते. पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत, तवंगाच्या आत आणि बाहेर, प्लवकांचे नमुने घेण्याची जबाबदारी नावानिशी ठरलेली असावी. जशी शवविच्छेदनाची असते. तुलनेसाठी अपघात नसलेल्या वर्षांच्या नोंदी किनारी जिल्ह्यांजवळ तयार हव्यात. विसरणद्रव्य फवारण्याचा निर्णय घेताना उथळ आणि नितळ पाण्यात उन्हाचा विचार झालाच पाहिजे, व अशा द्रव्यांच्या चाचण्या दिव्याखाली नव्हे तर उन्हातही झाल्या पाहिजेत. आणि मच्छीमारांच्या भरपाईचा हिशेब केवळ बुडालेल्या दिवसांचा न ठेवता पुढील हंगामाच्या उतरंडीशी जोडावा.

२५ मे २०२५ रोजी ‘एमएससी एल्सा-३’ हे कंटेनरवाहू जहाज केरळच्या किनाऱ्याजवळ बुडाले. त्याच्या टाक्यांत साडेचारशे टनांच्या आसपास इंधन होते. आदल्याच दिवशी, नेहमीपेक्षा आठवडाभर आधी, मोसमी पाऊस केरळात पोहोचला होता. त्या ढगांनी तेथील प्लवकांवर थोडीफार सावली धरली असेल. अपघात मात्र पंचांग पाहून होत नाहीत, आणि ढगांवर आपत्तीची योजना आखता येत नाही. राबने सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या वहीत विषाशेजारी उजेडाची नोंद केली, म्हणून त्याला कारण सापडले. आपल्या नोंदवहीतही तो एक रकाना उघडावा, एवढेच या लेखाचे मागणे आहे.